गुबगुब नेमका कुठल्या रंगाचा?

"रंगाच्या बाबतीत माझी नजर चुकली, तर दुकानाची पाटी उतरवीन आणि भाजी विकायला बसेन!"

हे वाक्य शेडकार्ड दिवसातून किमान चार वेळा म्हणत. शेडकार्ड हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं रंगाचं दुकान होतं आणि गावाने प्रेमाने त्यांना हे नाव ठेवलं होतं. गिऱ्हाइकाने जुन्या पडद्याची चिंधी दाखवावी, यांनी एक डोळा बारीक करावा आणि थेट शेडचा नंबर सांगावा! गिऱ्हाइकाने तोंडाने रंगाचं नाव घेतलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. "तुम्ही फक्त वस्तू सांगा, रंग मी सांगतो," असा सगळा कारभार.

तर एके दिवशी लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांचा नवा दवाखाना व्हायचा होता आणि बाहेर मुलं बसतात तिथल्या भिंतीवर काहीतरी गंमत हवी होती.

"तुम्हाला गुबगुब आठवतो का हो?" त्यांनी जरा लाजतच विचारलं. "ते अस्वल? शनिवारी सकाळी कार्टूनमध्ये लागायचं ते?"

शेडकार्डांच्या हातातली रंग ढवळायची कांडी डब्यातच राहिली.

"आठवतो का? डॉक्टर, आठवतो का म्हणून काय विचारता!"

आणि त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेका धरून गुबगुबचं गाणं सुरू केलं. डॉक्टरीणबाईंनी पुढची ओळ उचलली. गिऱ्हाइकं बघतच राहिली! मग आठवणींना काय तोटा? शनिवारी आठच्या ठोक्याला गुबगुब लागायचा, म्हणून दोन तांब्यांत उरकलेली आंघोळ. केसांतून ओघळणारं पाणी, हातात दुधाचा पेला. गच्चीवर शेडकार्डांचा दादा अँटेना धरून उभा. "आलं का?" "आलं! आलं! गेलं!" आणि बाबा खुर्चीत पेपर उघडून बसलेले, वाचत नसलेले.

"बाकी कसंही काढा," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण रंग मात्र अगदी तोच हवा हं. माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे."

"माझ्याही! तुम्ही रंगाचं नावसुद्धा काढू नका!"

बाईंनी बिचाऱ्यांनी काढलं नाही. इथेच घोटाळा झाला.

बाई एक पेन्सिलचं चित्र ठेवून पंधरा दिवसांसाठी परगावी गेल्या. जाताना एक गोष्ट सांगून गेल्या. त्यांच्या सासऱ्यांचं, म्हणजे मोठ्या डॉक्टरांचं, चार मजली हॉस्पिटल यंदा रंगवायचं होतं. ही भिंत त्यांच्या पसंतीला उतरली की ते कामही शेडकार्डांचंच! झालं. शेडकार्डांचे पाय जमिनीला लागेनात. आता या भिंतीवर चार मजले उभे होते, आणि त्याहून मोठं म्हणजे त्यांची नजर.

त्यांच्याकडे वीस वर्षं काम करणारा पेंटर होता. त्याने भिंतीवर तीन गुबगुब आखले. एक उडी मारणारा, एक उभा आणि एक खाली मांडी घालून बसलेला.

"मालक, मोबाइलवर एकदा बघून घेऊ का रंग?"

"मोबाइल?" शेडकार्ड कडाडले. "अरे, पडद्यावर रंग खोटे दिसतात! तीस वर्षं गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आलोय. ऐक. गुबगुबचा रंग त्याच्या मूडवर असतो. आनंदाने उडी मारली की निळा! रुसून खाली बसला की हिरवा! आणि नुसता उभा असला, की डोकं निळं, पोट गुलाबी, पाय हिरवे. काय डोकं चालवलंय बघ काढणाऱ्याने!"

पेंटरने मान खाजवली. "आणि मागचं झाड?"

"वर निळं, मध्ये गुलाबी, खाली हिरवं."

"झाडालाही मूड असतो, मालक?"

शेडकार्डांनी झाडाकडे बघत एक डोळा बारीक केला. "त्याच्याच गावचं झाड आहे ना ते! रंगव मुकाट्याने!"

पेंटरने मुकाट्याने रंगवलं.

उद्घाटन शनिवारी सकाळी ठीक आठला. हा हट्ट अर्थात शेडकार्डांचा. भिंतीवर पडदा टाकलेला. आईबाप पोरांना घेऊन आलेले, मोठे डॉक्टर हाताची घडी घालून उभे, शेडकार्डांच्या सौ. नव्या साडीत. शेडकार्डांनी आपल्या दादालाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं. लहान भावाचं कर्तृत्व थोरल्याने बघायला नको का? दादा मात्र "गुबगुब" हा शब्द ऐकल्यापासून जरा गप्प गप्प होता आणि एका कोपऱ्यात बिस्किटं खात उभा होता.

शेडकार्डांनी दोरी ओढली. पडदा पडला.

एक टाळी वाजली. तीही शेडकार्डांचीच.

डॉक्टरीणबाईंचं तोंड उघडलं ते मिटेचना. त्यांनी उडी मारणाऱ्याकडे बघितलं, उभ्याकडे बघितलं, बसलेल्याकडे बघितलं आणि भिंतीचा आधार घेतला.

"हे... हे कोण आहेत?"

"गुबगुब!"

"तिघंही?"

"मूड, डॉक्टर, मूड!"

"अहो, कसला मूड! गुबगुब तपकिरी होता!"

शेडकार्ड आधी हसलेच. "तपकिरी? अहो डॉक्टर, तपकिरी तर खरं अस्वल असतं! मग कार्टून कशाला बघायचं?"

"तपकिरीच होता," एका मुलाचे वडील म्हणाले.

"तपकिरी, आणि गळ्यात पिवळा मफलर," एक आई म्हणाली.

तोवर मोठ्या डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला होता. त्यांनी तो शेडकार्डांच्या नाकासमोर धरला. गुबगुब उडी मारत होता, तपकिरी. गुबगुब उभा होता, तपकिरी. गुबगुब रुसून बसला होता, ठार तपकिरी!

"मोबाइलवर रंग खोटे..." शेडकार्ड पुटपुटले. दुकानाची पाटी डोळ्यांसमोर हलायला लागली. "तुमच्या सगळ्यांचे टीव्ही बिघडलेले असणार! मी दर शनिवारी बघितलंय, या डोळ्यांनी! विचारा माझ्या दादाला, चित्र आलं की तो अँटेना सोडून शेजारी येऊन बसायचा! दादा! अरे दादा, चाललास कुठे?"

दादा दरवाज्यापाशी पोचला होता. सगळ्या माना वळल्या तसा तो थांबला. त्याने तोंडातलं बिस्कीट कसंबसं गिळलं.

"सांग ना यांना, दादा!"

"नको रे. घरी बोलू."

"घरी काय? आत्ता सांग! आपल्या रंगीत टीव्हीवर गुबगुब निळा व्हायचा की नाही?"

दादाने एक मोठा श्वास घेतला.

"अरे, आपल्याकडे रंगीत टीव्ही नव्हताच. ब्लॅक अँड व्हाइट होता."

शेडकार्डांचा चेहरा असा झाला, की शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"काचेवर बाबांनी प्लॅस्टिकचा कागद चिकटवला होता," दादा म्हणाला. "तेव्हा बाजारात मिळायचा तसला. वर निळा पट्टा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा. शेजाऱ्यांकडे रंगीत टीव्ही आला होता, आठवतं? तू खिडकीतून बघायला गेलास आणि तुला काही दिसायच्या आत त्यांनी पडदा ओढला. घरी येऊन तू जेवेनास. बाबांना रंगीत टीव्ही घेणं झेपणारं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी ते हा कागद घेऊन आले. शनिवारी गुबगुबने उडी मारली आणि झाला निळा! तू असा काही किंचाळलास की शेजारीच धावत आले. बाबा पेपराआड तोंड लपवून हसत होते आणि डोळेही पुसत होते. मला म्हणाले, 'याला कधी सांगू नकोस रे.'"

"पण इतकी वर्षं, दादा?"

"सांगणार होतो, तर तू चित्रकलेत पहिला आलास. मग सांगणार होतो, तर तू रंगाचं दुकान काढलंस! आता दुकानाच्या उद्घाटनाला सांगायचं का हे?"

शेडकार्ड पोरांच्या बुटक्या खुर्चीत मटकन बसले. गुडघे हनुवटीला लागले. बाबांचा तो पेपर त्यांना आत्ता पहिल्यांदा नीट दिसला. मग एकदम दचकून त्यांनी मान वर केली.

"दादा, आणि त्या बातम्या देणाऱ्या बाई? त्यांचे निळे केस?"

"काळे होते रे."

"अग्गंबाई!" सौ. ओरडल्या. "आणि मला लग्नापासून ऐकवताय, त्या काळच्या बायकांची हिंमत बघ म्हणून! आता भाजी कुठली ठेवायची दुकानात, तेवढं सांगा!"

मोठ्या डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला. डॉक्टरीणबाई नुसत्या घड्याळाकडे बघत राहिल्या. शेडकार्डांना कळलं. चारही मजले गेले, नजर गेली.

"मालक," पेंटर हळूच म्हणाला, "तपकिरीचा डबा गाडीत आहे. आणून ठेवला होता मी."

शेडकार्डांनी नुसती मान हलवली. पेंटरने रोलर बुडवला आणि बसलेल्या गुबगुबपाशी वाकला.

"त्याला मारू नका!"

तापाने फणफणलेली चारेक वर्षांची एक मुलगी होती. डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट दिसल्यापासून आईच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. ती आता चक्क उतरली, तुरुतुरु चालत हिरव्या गुबगुबपाशी गेली आणि त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "यालापण बरं नाहीये."

आणि त्याला टेकून बसली.

मग ती उभ्या गुबगुबकडे बोट दाखवून म्हणाली, "हा थोडा बरा झालाय." आणि उडी मारणाऱ्याकडे बघून, "हा पूर्ण बरा. हा घरी चालला."

डॉक्टरीणबाईंचं तोंड त्या सकाळी दुसऱ्यांदा उघडं पडलं. त्या हळूच मुलीशेजारी बसल्या, आधी गुबगुबची छाती तपासली, मग तिची. मुलगी रडली नाही! मागे बाकीच्या पोरांची रांगच लागली.

"रोलर ठेवा हो खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "राहू देत तिघंही."

मोठ्या डॉक्टरांनी घसा साफ केला. "हॉस्पिटलही तुम्हीच रंगवा. पण चारही मजले पांढरे. नुसते पांढरे!"

"साहेब, पांढऱ्यातसुद्धा चाळीस शेड..."

सौं.नी चिमटा काढला. "हो म्हणा!"

"हो."

पुढच्या शनिवारी सकाळी सौं.नी शोधून शोधून गुबगुबचा जुना भाग घरच्या टीव्हीवर लावला. दादाही आला होता. शेडकार्डांनी दोन मिनिटं ते तपकिरी अस्वल बघितलं, मग ते उठले आणि दुकानात जाऊन आले. येताना हातात प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या होत्या. निळी, गुलाबी, हिरवी. त्यांनी त्या नीट मापून पडद्यावर चिकटवल्या आणि दूध घेऊन जमिनीवर बसले.

गुबगुबने उडी मारली. शेडकार्ड किंचाळले! दादाने पेपर उचलून तोंडासमोर धरला.

"अहो!" सौ. हादरून म्हणाल्या. "एवढा मोठा रंगीत टीव्ही आहे ना आपला!"

"रंगीत आहे गं," शेडकार्ड पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "पण रंग चुकलेत त्याचे."