जहाजाचं काय कळलं का?

पूर्णा गावाला नदी आहे, रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, पण समुद्र नाही. तो बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. तरीही आमच्या गल्लीतला एक माणूस रोज सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवायचा आणि गंभीरपणे विचारायचा, "सेठ, जहाजाचं काय कळलं का?"

हे उत्तमकाका. माझ्या दुकानाला लागूनच त्यांचा पत्र्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक ऐरण, पत्रा कापायची मोठी कातर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि स्वतः काका. एके काळी इथे दिवसभर ठोकाठोक चालायची. रेल्वेच्या गार्डांच्या पेट्या, लग्नातल्या ट्रंका, धान्याच्या कोठ्या, रॉकेलची नरसाळी, सगळं याच खोलीतून बाहेर पडायचं. आता गार्डांच्या पाठीवर सॅक आली, नव्या नवरीच्या हातात चाकांची बॅग आली आणि रॉकेल तर दिसेनासंच झालं. कोठीचं चेपलेलं झाकण सरळ करायला कुणी आलं, तर तेवढंच काम.

मी मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन असलं विकतो. माझ्या दुकानातली जवळजवळ एकही वस्तू आपल्या देशात बनलेली नाही, हे मला काकांनी सांगितलं. तोवर मी कधी बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक पैसे देतं, माल जातो, विषय संपला. काका मात्र एकेक डबी उलटी करून डोळ्यांजवळ धरायचे, बारीक अक्षरं वाचायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे.

"सेठ, समजा उद्याच्याला जहाज आलंच न्हाई. मग तू काय विकशील? पायरी?"

काकांनी समुद्र पाहिलेला नाही. येलदरीच्या धरणात एकदा होडी पाहिली, तीही काठाला बांधलेली. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात जहाज नेहमी एकच असतं. देवगाव फाट्याला उभं राहून एसटीची वाट बघावी तशी ते त्याची वाट बघतात. ही गेली तर दुसरी नाही. टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या समुद्रात लढाई लागल्याची आणि जहाजं लांबच्या वळशाने जात असल्याची बातमी आली, त्या दिवशी काकांनी मला टपरीवर नेऊन चहा पाजला आणि म्हणाले, "वळसा घालायलंय म्हणे. ड्रायव्हरला रस्ता तरी मालूम हाय का?"

पेडगावला आमच्या ओळखीत लग्न होतं. मांडवात आंदण मांडलेलं. काका अक्षता विसरून त्यात शिरले. मिक्सर उलटा केला, घड्याळ उलटं केलं, दिव्यांची माळ उलटी केली, शेवटी भिंतीवर लावायची देवाची फ्रेमही उलटी करून पाहिली. मुलीचा मामा धावत आला. त्याला वाटलं, हा माणूस किमतीच्या चिठ्ठ्या बघतोय. काका त्याला म्हणाले, "पाव्हणं, नवरी तेवढी आपली हाय. बाकी समदं जहाजातलं." मामाला यात आपला अपमान नेमका कुठे झाला हे कळेना, म्हणून तो जास्तच चिडला. त्या लग्नात वाढणाऱ्यांनी जिलेबीचं ताट दोनदा आमच्यासमोरून नेलं आणि एकदाही थांबवलं नाही.

नुसतं बोलून थांबतील तर ते काका कसले! माझ्या कव्हरांवर उपाय म्हणून त्यांनी स्वतः मोबाइलचं कव्हर बनवलं. चकचकीत पत्र्याचं, कडा दुमडलेलं, झाकण असलेलं. फोन पुण्यातल्या मुलाने दिलेला जुना. ("तो माझा न्हाई, मी निस्ता सांभाळायलोय.") फोन त्या डबीत ठेवला आणि त्याची रेंजच गेली. मुलगा दिवसभर फोन लावत राहिला आणि शेवटी त्याने घाबरून मला फोन केला. मी हसून हसून बेजार. काका डबीचं झाकण उघडझाप करत म्हणाले, "मजबूत झालंय जरा."

पण हसता हसता मला त्यांचा रागही यायचा. गिऱ्हाईक समोर असताना हा माणूस माझ्या मालाची कुंडली मांडत बसतो, म्हणजे काय? एकदा मी म्हणालोच, "काका, खामखा कशाला जिवाला घोर? जग असंच चालतं."

काकांनी गल्लीकडे बोट केलं. "ह्या गल्लीत कोण काय करायचं, तुला काय मालूम? त्या कोपऱ्यावर औतं व्हायची. हितं खाटा व्हायच्या. तिथं ती म्हातारी कंगवे करायची. आता बघ. समदी दुकानं. समदे विकायलेत सेठ, करायलंय कोण? हातच इसरले तर उद्याच्याला काय करायचं?" मग छाती पुढे काढून, "माझ्या घरात जहाजातलं काई न्हाई."

हे मला पाठ होतं. त्यामुळे एका दुपारी काका आले, गिऱ्हाइकं जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले, आणि मग काउंटरवर मूठ ठेवून ती हळूच उघडली तेव्हा मी चकित झालो. तळहातावर डाळीएवढा एक सेल होता.

"असला हाय का?"

"घड्याळाचा का?"

"कानाचा. तुझ्या काकूच्या."

सुमनकाकूंना ऐकू येत नाही, हे मला माहीत नव्हतं. त्या कमी बोलतात, पदर डोक्यावरून घेतात, एवढंच मला माहीत. मुलाने पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं होतं. त्याला दर काही दिवसांनी नवा सेल लागतो. काका नांदेडच्या एका दुकानातून सेल आणायचे. एकदा गेले तर दुकानदार म्हणाला, माल मागूनच आला नाही, जहाजात अडकलाय.

मी मनात मागे जाऊन बघितलं. काका माझ्या पायरीवर येऊन जहाजाची चौकशी करायला लागले ते तेव्हापासून. मी येड्यासारखा त्याला देशाची काळजी समजत होतो.

"काका, आधी सांगायचं की हो."

"काय सांगायचं? माझ्या घरात काई न्हाई म्हणून गावभर बोंबलायलो, आन बायकूच्या कानातच जहाज." ते हसायला गेले, पण जमलं नाही. सेल चिमटीत धरून त्यांनी उजेडाकडे केला. "पेटी म्हण, करतो. कोठी म्हण, करतो. ह्याला हातोडी मारू कुठं?"

माझ्याकडे तो सेल नव्हता. मी नांदेडला, परभणीला, जिथे जिथे माल घेतो तिथे फोन फिरवले. एकाने पुढच्या आठवड्याचं आश्वासन दिलं. ते सांगायला मी काकांच्या घरी गेलो. काका बाहेर गेले होते. काकूंनी मला बघून पदराआडून मशीन कानात घातलं. त्यातला तो शेवटचा सेल होता.

"काकू, काका लय काळजी करायलेत. दिवसभर जहाज जहाज."

काकू तोंडावर पदर धरून हसल्या. "मला काय मालूम? त्यांचं जहाजाचं सुरू झालं की मी मशीन काढून ठिवते. सेल वाचतो."

म्हणजे काका ज्या माणसाला रोज तासन्‌तास जगाची गोष्ट सांगत होते, त्या माणसाने त्यातलं अक्षरही ऐकलेलं नव्हतं! मी पोट धरून हसलो.

"मग सेल कशाला खर्च करता?"

"सकाळी हे बुद्धवंदना म्हणतेत न्हाई का, तवा लावते," काकू म्हणाल्या. "आवाज चांगला हाय त्यांचा. लग्न झालं तवापासून ऐकते." आणि लगेच मशीन काढून डबीत ठेवलं.

पुढचा आठवडा आला, सेल आला नाही. काका पायरीवर यायचे बंद झाले. खरं सांगतो, त्यांनी विचारलं नाही तर मलाच चैन पडेना. सकाळी शटर वर करताना मी पायरीकडे बघायचो. मग एक दिवस भिंतीपलीकडून ठोकाठोक ऐकू आली. अगदी हलकी, थांबून थांबून. मला बरं वाटलं. काम आलं असेल कुणाचं तरी.

सेल अखेर आले. दोन पाकिटं. निरोप मिळाला तसा मी संध्याकाळच्या गाडीने नांदेडला जाऊन ती घेऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता थेट काकांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. काकू खाटेवर बसलेल्या, डोळे मिटून. काका शेजारी स्टुलावर, पुढे वाकलेले. दोघांच्या मध्ये एक नवंकोरं, लांब नळीचं पत्र्याचं नरसाळं होतं. नळी काकूंच्या कानाशी, आणि ती टोचू नये म्हणून टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. रुंद तोंड काकांच्या ओठांशी. काका त्यात हळूहळू वंदना म्हणत होते. एवढ्या हळू आवाजात काका बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाकिटं हातात धरून मी दारातच उभा राहिलो.

वंदना संपली. काकांनी मला बघितलं. मी पाकिटं पुढे केली. त्यांनी सवयीने एक उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली आणि मोठा श्वास सोडला. "आलं म्हणायचं जहाज."

मग काकूंच्या डोळ्यांसमोर पाकीट नाचवत, हातवारे करत म्हणाले, "आलं बघ! लाव आता मशीन!"

काकूंनी पाकीट बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"र्‍हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मशीन लावलं की तुमी लांबून बोलता."

काकांनी दोन्ही पाकिटं तशीच खाटेखालच्या पेटीत टाकली, आणि स्टूल पुन्हा पुढे ओढलं.