हिल्काची जागा

"एका दुपारचं काम आहे," ताउनो म्हणाला. "जेवून सुरू करतो, कॉफीच्या वेळेला हात धुऊन हजर."

हे तो ज्या ठसक्यात म्हणाला त्यावरूनच हिल्कानं ओळखलं, की आठवडा गेला. मागे असंच एका दुपारचं काम म्हणून त्यानं स्वयंपाकघरातला नळ उघडला होता आणि चार दिवस ती शेजाऱ्यांकडून पाणी आणत होती. पण आता तिनं वेलदोड्याचा पाव त्याच्यापुढे सरकवला. माणसाच्या अंगात आलेलं असलं की त्याला आधी खाऊ घालावं, असं तिचं साधं धोरण होतं.

काम होतं गाडीच्या पुढच्या ब्रेकचं. गाडी जुनी होती. लेक तूलिक्की शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेली, आणि आता तूलिक्कीची मुलं गाडी चालवायला शिकत होती. दरवर्षीच्या सरकारी तपासणीत यंदा ती नापास झाली. चाकामागच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे कॅलिपर हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठानं पार गंजले होते. डावा काही केल्या धरत नव्हता आणि उजव्यानं एकदा धरलं की सोडत नव्हता.

तूलिक्कीनं हेलसिंकीहून फोनवर निकाल देऊन टाकला. बाबा, आता पुरे, गाडी भंगारात द्या, मी तुम्हाला छोटी विजेवरची बघून ठेवली आहे. ताउनोला ताव चढला. "युहान्नुसच्या सणापर्यंत पास झाली नाही तर घेऊन जा!" असं तो बोलून बसला. सण जूनअखेरचा. मध्ये उरला होता जेमतेम आठवडा.

आता कुणी म्हणेल, जुनी गाडी गेली तर गेली. पण ताउनो गोड बोलणाऱ्यांतला नव्हता. लग्नाच्या वेळी धर्मगुरूंनी विचारलं तेव्हा तो "हो" म्हणाला, आणि एकदा सांगितलं ते पुरे असं धरून चालला. त्यानंतर जे काही बोलायचं ते गाडीच बोलायची. हिल्काची इस्पितळात सकाळची पाळी असायची तेव्हा हा तिच्याआधी उठून, काचेवरचा बर्फ खरवडून, गाडी आतून गरम करून ठेवायचा. ती बसायची तेव्हा सीट ऊबदार असायची. मार्चमध्ये तिच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही यानंच तिला घरी आणलं. प्रत्येक चौकात ब्रेक इतका अलगद दाबला, की मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून केउरू गाव डोक्यावर घेतलं. गाडी भंगारात गेली असती तर ताउनोची वाचाच गेली असती. हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि हिल्काला सांगावं लागत नव्हतं.

तेव्हा काम सुरू झालं. चाकं निघाली. "काढायच्या आधी फोटो काढून ठेव," हिल्का म्हणाली.

"कशाला? हात विसरत नाहीत," ताउनो म्हणाला.

त्यानं कॅलिपर उघडले, आतले दट्टे साफ केले, नवी रबरी कडी बसवली, आणि पुन्हा गंज चढू नये म्हणून बाहेरून रंग दिला. दुकानात एकच रंग शिल्लक होता, टोमॅटोसारखा लाल. डब्यावर लिहिलं होतं, दोन दिवस वाळू द्या. दोन दिवस थांबायला वेळ कुणाला होता? त्यात बाहेर पाऊस. मग कुठल्याही फिनिश माणसाला सुचेल तेच ताउनोला सुचलं. शनिवार होता, संध्याकाळी सौना, म्हणजे घाम काढत बसायची गरम लाकडी खोली, तापायचाच होता. त्यानं दुपारीच भट्टीत लाकडं घातली, वरच्या बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि कॅलिपर शेकायला ठेवले. डावा हिल्काच्या जागेवर, उजवा आपल्या जागेवर. हिल्का खिडकीकडे बसते, तो भट्टीकडे. लग्नानंतर दोघांनी स्वतः बांधलेला सौना, आणि पहिल्या शनिवारी ठरल्या त्या जागा. खुणेच्या चिठ्ठ्या कशाला हव्यात?

तासा-दोन तासांनी तो गाडीखालून ओरडला, "अगं, वाळले असतील बघ! तुझ्या जागेवरचा आण आधी!"

हिल्का एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लाल कॅलिपर घेऊन डुलत डुलत आली. त्यानं तो डाव्या चाकाला बसवला. मग दुसरा आणवला आणि उजव्याला बसवला. बसले अगदी छान. हवा काढायचा छोटा स्क्रू आधी कुठे तोंड करून होता, हे मात्र त्याला आठवेना. हात विसरत नाहीत असं स्वतःच म्हटल्यामुळे त्यानं तो विषय तिथंच सोडला.

आता ब्रेकच्या नळ्यांतून हवा बाहेर काढायची. हे काम एकट्याचं नसतं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून स्क्रू उघडायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायचा. हिल्का म्हणाली, मी दाबते. ताउनो म्हणाला, त्या पायानं? मुळीच नाही. आणि तो कुंपणावरून शेजारच्या रैनोला बोलावून बसला.

रैनो चर्चमधला निवृत्त ऑर्गनवादक. ऑर्गनला हातांसारख्याच पायांसाठीही पट्ट्या असतात, त्यामुळे तो छाती काढून आला. "पेडलचं मला सांगू नकोस," तो म्हणाला. "माझा जन्म पेडलवर गेलाय."

तेच नडलं. रैनोचा पाय कुठल्याच पट्टीवर फार वेळ टिकायचा नाही. ताउनो खालून "धर" म्हणायचा, आणि हा ब्रेकवरून क्लचवर, क्लचवरून ॲक्सिलरेटरवर असा तालात फिरून यायचा. वर डोळेही मिटायचा. अर्धी बाटली ब्रेक ऑईल ताउनोच्या बाहीत गेलं. पेडल मात्र जमिनीला टेकतच राहिलं, लोण्यात पाय घालावा तसं. शेवटी दोघांनी नाद सोडला आणि सौनात जाऊन बसले. निदान घाम तरी कामी यावा.

रात्री रैनोच्या बायकोचा फोन आला. हिल्कानं घेतला. आमच्या ह्यांच्या बसायच्या जागी घोड्याच्या नालासारखा लाल ठसा उमटलाय, तो साबणानं जात नाही, तर तुमच्याकडे सौनात नेमकं काय चालतं, असं ती फार सभ्यपणे विचारत होती. रंग वर्तमानपत्रातून बाकावर झिरपला होता. "ब्रेकचं काम चाललंय," हिल्का म्हणाली.

रविवारी हिल्कानं ऐकलं नाही. काठी दाराशी टेकवली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि उजवा पाय पेडलवर ठेवला.

"दाब," ताउनो खालून म्हणाला.

"दाबलं."

"धर... सोड. दुखतंय?"

"तू तुझं बघ."

सकाळ गेली. दुपार गेली. दाब, धर, सोड, दुखतंय का, तू तुझं बघ. गेल्या कित्येक वर्षांत दोघं इतकं सलग बोलले नव्हते. दोन बाटल्या ऑईल संपलं. पेडल तसंच. शेवटी ताउनो उठला, चिंध्यांनी हात पुसले, आणि गाडीकडे न बघता म्हणाला, "तूलिक्कीला कळव. घेऊन जा म्हणावं."

हिल्कानं फोनला हात लावला नाही. तिनं रविवार असूनही सौना तापवला. त्यांच्या घरात दुखण्याखुपण्यावर, भांडणावर आणि मयतीवर हाच एक इलाज होता. ती टॉवेल गुंडाळून आत आली तेव्हा ताउनो वरच्या बाकावर भट्टीच्या बाजूला पाठ वाकवून बसला होता. लहान पोरानं रुसावं तसा.

"सरक," ती म्हणाली. "माझ्या जागेवर बसलायस."

"ही माझी जागा आहे."

"होती. मार्चपासून माझी आहे." तिनं भिंतीतला लाकडी कठडा थोपटला. "मला पायरी चढता यावी म्हणून हा तूच ठोकलास ना? आणि तूच म्हणालास, आता तू इकडे बस, मी खिडकीकडे जातो. दर शनिवारी तिकडेच बसतोस की."

ताउनो बघतच राहिला. आधी कठड्याकडे, मग बाकावरच्या दोन लाल डागांकडे.

"काल तुझ्या जागेवरचा आण म्हटलं, तो तू कुठून आणलास?"

"माझ्या जागेवरून. इथून."

हात खरंच विसरले नव्हते. ठेवताना ताउनोच्या हातांनी डावा कॅलिपर खिडकीकडे ठेवला, कारण त्यांच्या लेखी हिल्काची जागा तीच होती, जन्मभराची. तिचा खुबा मोडका आहे, तिला कठडा लागतो, हे त्यांच्यापर्यंत अजून पोचलंच नव्हतं. हिल्कानं मात्र आपल्या आत्ताच्या जागेवरचा आणून दिला. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. दोन्ही उलटे बसले, हवेचे स्क्रू वर राहण्याऐवजी खाली गेले, आणि हवा वरच अडकून राहिली. हवा कधी खालून निघते का?

ताउनो तसाच उठला. टॉवेल नेसायचं त्याला सुचलं, एवढीच देवाची कृपा. जूनचा उजेड, रात्र कसली ती नावालाच. अंगातून वाफा निघताहेत, डोक्यावर सौनात अंगावर मारायच्या जुडीतलं भूर्जाचं एक पान चिकटलंय, अशा थाटात त्याला जॅक लावताना रैनोच्या बायकोनं खिडकीतून पाहिलं. तिनं पडदा ओढून घेतला. तिच्या मनातल्या शंका आता पक्क्या झाल्या असाव्यात.

कॅलिपर अदलाबदल झाले. हिल्का झगा घालून पुन्हा सीटवर बसली.

"दाब."

"दाबलं."

"धर. सोड. पुन्हा दाब."

स्क्रूमधून बुडबुडे आले, मोठे, मग बारीक, मग नुसतं ऑईल. अचानक हिल्का थांबली. "ताउनो," ती म्हणाली, "पाय अडला. खाली जातच नाहीये."

तो चाकाशी मांडी घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, "मला वाटलं गेली आता."

तो गाडीबद्दल म्हणाला की मार्चमधल्या त्या दिवसाबद्दल, हे हिल्कानं विचारलं नाही. तिनं दारातून हात बाहेर काढून त्याच्या डोक्यावरचं पान काढलं. "तुझे हात विसरत नाहीत, हीच खरी पंचाईत आहे," ती म्हणाली. ताउनोच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रेक ऑईल डोळ्यांना झोंबतं, असं त्यानं तिला समजावून सांगितलं.

तपासणीत गाडी पास झाली. तपासनीस चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघत राहिला. ब्रेक नव्यासारखे आहेत, पण आतल्या आत हा लाल रंग कुणाला दिसणार, असं त्यानं विचारलं. "दिसायची काय गरज आहे?" हिल्का म्हणाली. परतताना पहिल्याच चौकात ताउनोनं इतका अलगद ब्रेक दाबला, की मागून हॉर्न सुरू झाला. "वाजवू दे," ती म्हणाली आणि सीटवर मागे टेकून बसली.

युहान्नुसला आपल्या बहिणीच्या तळ्याकाठच्या घरी जायच्या आधी हिल्कानं उरलेल्या लाल रंगाचं सोनं केलं. दोन फळकुटं घेतली, त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सौनाच्या भिंतीवर ठोकली. कठड्याच्या बाजूला "डावं चाक". खिडकीच्या बाजूला "उजवं चाक".

सणानंतरच्या शनिवारी रैनो आला, स्वतःची जाड उशी काखोटीला मारूनच. त्यानं पाट्या वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"मग मी कुठे बसू?" त्यानं विचारलं.

"मध्ये," ताउनो म्हणाला. "स्टेपनी." आणि सवयीनं भट्टीकडे जाऊन बसला. मग पाटी वाचली, आणि गुपचूप उठून खिडकीकडे गेला.