ही पाटी कुठं जाते?

आमच्या शेजारच्या खरात अण्णांच्या व्हरांड्यात एक घंटी टांगलेली आहे. दोरी ओढली की वाजते. दारावरची बेल वेगळी, ती आलेल्या माणसानं वाजवायची. ही घंटी अण्णा स्वतः वाजवतात, आणि तीही आलेल्या माणसाला गप्प करायला.

म्हणजे समजा, तुम्ही त्यांच्याकडं चहाला गेलात. त्यांची नात मैतू समोर खेळतेय. तुम्हाला राहवत नाही. मोठ्या माणसांना ती खोडच असते. तुम्ही विचारता, "काय गं, वाचायला येतं का? सांग बरं, हे कोणतं अक्षर?" झालं! टण्ण! अण्णा दोरी धरून उभे.

"थांबा. पोरीची परीक्षा घ्यायची नाय. पुढं सरका, बिस्किट घ्या."

अण्णांनी उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, एवढ्या दोन शब्दांत त्यांनी अख्खा मराठवाडा हाकला. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर शेअरबाजाराला. हे नातीला न शिकवायला लागले.

आता मी कोण, तेही सांगते. मी शिंदे बाई. घरी शिकवणी घेते, पहिली ते चौथी. गल्लीतल्या निम्म्या पोरांची बाराखडी माझ्या हातची. असं असताना भिंतीला भिंत लावून हा माणूस राहायला यावा, हा माझ्या पत्रिकेतलाच दोष असणार!

झालं होतं असं, की मैतूला बालवाडीत घातली आणि थोड्याच दिवसांत पोरगी बोलायची थांबली. घरी आली की कॉटखाली जाऊन बसायची. तिची आई सुजाता आणि बाप रवी, दोघंही बिडकीनकडच्या कंपनीत. शिफ्टची नोकरी. सुजातानं एक दिवस पोरीला त्या कॉटखालून ओढून काढलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "नाही पाठवायची आता. बघू पुढचं पुढं." तेव्हा रवीचे वडील, म्हणजे आपले अण्णा, म्हणाले, "मी हाय की."

सगळ्यांना वाटलं, अण्णा घरी शिकवतील. अण्णांनी शिकवलं काय? शून्य! ते नुसतं वाचून दाखवायचे. मांडीवर मैतू, आणि हाताला लागेल ते. गोष्टीचं पुस्तक संपलं की बिस्किटाचा पुडा. तो संपला की लाईटबिल, लग्नपत्रिका, तेलाच्या पिशवीवरची सूचना. ओळीखाली बोट फिरवत, स्टँडवर गाडी लागल्यासारख्या खणखणीत आवाजात: "थंड व कोरड्या जागी ठेवावे!" मी इकडं पोरांना बेरजा घालून देतेय, आणि भिंतीपलीकडून आवाज येतोय, "नेत्रदीपक सोहळ्यास सहकुटुंब उपस्थित राहावे!" माझी पोरं फिदीफिदी हसणार, मी डोळे वटारणार.

"अहो अण्णा, नुसतं वाचून दाखवून ती शिकणार कधी?"

"बाई, बोलायला शिकवलं होतं व्हय कुणी तिला? लागली ना बोलायला? आता तर तुमच्यापेक्षा जास्त बोलती. ऐकू द्या, बघू द्या. वाचून दाखवायचं, शिकवायचं नाय."

हे त्यांचं पालुपद. वाचून दाखवायचं, शिकवायचं नाय.

दुपारी ते मैतूला घेऊन बसस्टँडवर जायचे. जुने सोबती भेटायचे, चहा व्हायचा आणि लागलेल्या प्रत्येक गाडीची पाटी वाचली जायची. पैठण. सिल्लोड. कन्नड. वैजापूर. त्यातून त्या पोरीनं एक भलताच समज करून घेतला, जो फक्त कंडक्टरच्याच नातीचा होऊ शकतो. तिला वाटायचं, जगात जिथं म्हणून काही लिहिलंय, तिथं ती वस्तू कुठं जाणार आहे ते लिहिलंय.

किराणा दुकानाच्या पाटीपुढं उभी राहून विचारायची, "अण्णा, ही कुठं जाते?" दवाखान्याच्या पाटीपुढं, "ही कुठं जाते?" एकदा आमच्याच दारावरच्या पाटीकडं बोट करून मला विचारलं, "बाई, तुमचं घर कुठं जातं?"

"कुठंच जात नाही गं बाई," मी म्हटलं, "कर्ज फिटेपर्यंत इथंच आहे."

तिचा विश्वास बसला नाही. पायरीवर बसून राहिली, घर सुटायची वाट बघत. अण्णांनी तिचा समज दुरुस्त केला असेल? छे! "जाईल की कधीतरी," म्हणून तेही शेजारी बसले.

औरंगपुऱ्यात, शहागंजात गेलं की उर्दू पाट्या. अण्णांना निजामाच्या काळातल्या मास्तरांकडून थोडीफार उर्दू आलेली. त्या पाटीखाली त्यांचं बोट उलट्या बाजूनं फिरलं आणि मैतू थबकली. खूप वेळ विचार करून म्हणाली, "कळलं. ही परतीची गाडी."

अण्णा मला हे सांगायला धावत आले होते. डोळ्यांत पाणी. "बाई, ऐकलं का? जाणारी आणि परतीची! अशी अक्कल कुणाच्या बापाला शिकवता आली असती का?" मी म्हटलं, अण्णा, ते चूक आहे. ते म्हणाले, "व्हय, पण लई भारी चूक हाय."

पुढं व्हरांड्यात खुर्च्यांची बस सुरू झाली. एकामागं एक खुर्च्या, पुढं पुठ्ठ्याची पाटी. पाटी मैतू खडूनं लिहायची. तिरपी, वाकडी, कधी आरशातल्यासारखी, पण बहुतेक वेळा एकच गाव: बिडकीन. आई तिकडं जाते ना रोज, म्हणून. पायऱ्यांवर बिडकीन, फाटकावर बिडकीन, माझ्या तुळशीच्या कुंडीवर बिडकीन. माझी शिकवणीतली पोरं लघवीला म्हणून जायची आणि त्या बसमध्ये जाऊन बसायची. मी बोलवायला गेले की अण्णा म्हणायचे, "गाडी सुटली बाई. आता पुढच्या थांब्यावर."

खरं सांगू? उन्हाच्या वेळी, शिकवणी नसताना, मी आडवी व्हायचे आणि खिडकीतून त्यांचा आवाज यायचा. लिंबाची सावली भिंतीवर हलतेय, आणि अण्णा हळू आवाजात गावं घेतायत. फुलंब्री. आळंद. सिल्लोड. एरवीचा खणखणीत माणूस तेव्हा अंगाईसारखा बोलायचा. अख्खी गल्ली सुटल्यासारखी वाटायची. घरं सावकाश मागं सरकतायत, माझं घरही निघालंय. सिल्लोडला माझं माहेर. कितीदा तरी मी त्या झोपेत तिथं उतरले असेन. आई ओट्यावर बसलेली असायची. मग दूधवाला हाक मारायचा आणि मी जिथल्या तिथं.

पण रवीला हे स्वप्न परवडत नव्हतं. आणि त्याचं चूक तरी कसं म्हणायचं? एकदा तो भरल्या घरात कडाडला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"अण्णा, आपल्या लोकांनी शाळेची पायरी चढायसाठी काय काय सोसलं! तुमचा बाप अडाणी, पण तुम्हाला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. आणि त्याच घरातली पोरगी घरी बसून बस-बस खेळती? लोकं तोंडात शेण घालतील!"

"शाळेला मी नाय म्हणत नाय रे," अण्णांचा आवाज आला. "घाईला नाय म्हणतो."

"मग ऐका. उन्हाळ्यात ताई येणारय पुण्याहून. तोवर मैतू आपली आपण वाचायला लागली तर ठीक. नाहीतर ताई तिला घेऊन जाईल, तिकडच्या शाळेत घालील. बिडकीन लिहिते म्हणून सांगू नका मला. चित्र काढल्यासारखं काढते ती."

सुजातानं रडून पाहिलं, भांडून पाहिलं. रवी हलला नाही. त्या दिवसापासून अण्णांचं जेवण कमी झालं. मैतू गेली तर त्या घरात दिवसभर ते आणि त्या खुर्च्या, दुसरं कुणी नाही. मी फाटकाशी गाठून म्हटलं, "अण्णा, हट्ट सोडा. द्या माझ्याकडं. महिनाभरात बाराखडी घोटून देते. कुणाला कळायचं नाही."

"नको बाई. बेइमानी होईल."

"कुणाशी?"

"तिच्याशी," म्हणाले आणि घरात गेले. असा संताप आला मला! म्हटलं, मरा मग.

उन्हाळा आला. आत्याबाई आल्या. मोठी बॅग, त्यात मैतूसाठी नवे फ्रॉक, म्हणजे न्यायचं ठरवूनच आलेल्या. तिकडं व्हरांड्यात त्यांचा चहा चालू होता आणि इकडं माझ्या दारात अण्णा. मैतूचा हात धरलेला. चेहरा पार उतरलेला.

"घ्या बाई," म्हणाले. "शिकवा. जे काय व्हईल ते. तासाभरात थोडंफार तरी..."

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता मला. काही झाला नाही. मी पाटी घेतली, मोठा 'क' काढला आणि मैतूपुढं धरला.

"ही कुठं जाते?" तिनं विचारलं.

"हा क. क कमळाचा."

तिनं माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "पण मला कमळाला नाही जायचं, बाई."

मी दुसरं अक्षर काढायला पाटी पुसत होते. पोरगी कंटाळून भिंतीकडं बघायला लागली. तिथं मी माझे नियम लावलेत, पोरांना धाक म्हणून. आणि ती आपली सहज, पाय हलवत, अण्णांच्याच हेलात म्हणते कशी:

"शिंदे बाईंची शिकवणी. वर्गात गोंगाट करू नये. चपला बाहेर काढाव्यात. वही विसरल्यास घरी पाठवले जाईल."

माझ्या हातून पाटीच पडली. अण्णा दाराची चौकट धरून खाली बसले.

"मैते," मी ओरडले, "तुला वाचता येतं?"

"हो."

"कधीपासनं?"

"लई दिवस झाले. बिडकीनमधला बि बिस्किटावर पण हाय. पैठणचा पै पैशाच्या पेटीवर. मग सगळंच दिसायला लागलं."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाय."

बरोबर होतं तिचं. विचारणार कोण? तोंड उघडलं की टण्ण!

मी तिचा हात धरला आणि शेजारी घुसले. चप्पल कुठली, पदर कुठला. "रवी," म्हटलं, "ऐक जरा पोरीचं!" आत्याबाईंनी भुवई उंचावून आपली साडीच्या दुकानाची पिशवी पुढं केली. "वाच बघू." मागोमाग आलेल्या अण्णांचा हात सवयीनं दोरीकडं गेला. दोरी धरलीही त्यांनी, पण ओढली नाही.

मैतूनं पिशवी वाचली. दुकानाचं नाव, गल्ली, "आमची कोठेही शाखा नाही", आणि बुडाशी छापलेलं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" सुद्धा. सुजाता दारापाशी तोंडाला पदर लावून उभी राहिली. रवीनं फाटकाकडं तोंड फिरवलं. मग नाक ओढत म्हणाला, "ताई, फ्रॉक ठेवून जा." आत्याबाई खळखळून हसल्या. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्याच.

आत्याबाई एकट्याच परत गेल्या. मी पेढे वाटले. हो, मीच! गल्लीत सांगत फिरले, अण्णांचं खरं झालं म्हणून. आता भिंतीपलीकडं नुसता उत्सव ऐकू येणार, असं मला वाटलं.

झालं उलटं. तिकडं सामसूम झाली. पुडे नाहीत, पत्रिका नाहीत, गावं नाहीत. आधी वाटलं, अण्णांचा घसा बसला असेल. म्हणून कैरीचं पन्हं घेऊन गेले. मैतू खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली, ओठ हलतायत, आवाज नाही. शेजारी खुर्चीत अण्णा. मांडी मोकळी.

"दे, मी वाचतो पुढचं," ते म्हणाले.

"थांबा ना अण्णा," तिनं मान वर न करता सांगितलं, "माझं चाललंय."

"व्हय व्हय. चालू दे, चालू दे." आणि ते उगाच गुडघे चोळत राहिले. मी पन्ह्याचा पेला त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. ज्यासाठी या माणसानं पोटच्या पोराशी वैर पत्करलं, ते मिळालं आणि त्यांचं कामच गेलं. हे त्यांना आधीच ठाऊक असणार, असं मला वाटतं. तरीही ते भांडले.

परवा दुपारी माझी पोरं गेल्यावर दारात खाकरल्याचा आवाज आला. अण्णा होते, काखेत पेपर.

"बाई, उन्हाळ्यात डोळ्यांवर लई ताण येतो म्हणतात."

"कुणाच्या?"

"तुमच्या. वह्या तपासून तपासून. आणि पेपरची अक्षरं तर हल्ली फारच बारीक." आत येऊ की नको, असे एक पाय उंबऱ्यात ठेवून उभे.

चष्मा लावला की माझे डोळे ठणठणीत आहेत. तो पेपर मी सकाळीच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता, राशिभविष्यासकट. मी चष्मा काढला, डबीत घातला आणि डबी कपाटात ठेवून दिली.

"हो ना हो अण्णा," मी म्हटलं, "हल्ली काही म्हणता काही दिसत नाही. बसा ना."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पेपर उलगडला, घडी सरळ केली, घसा साफ केला.

"कुठून सुरू करू?"

"अगदी वरून," मी म्हटलं. "काही गाळू नका."