हरलेल्या सामन्याची चौकशी

“कागदपत्रं कशाला हवीत? सगळा इतिहास इथे आहे!” असं म्हणून टाइपबाईंनी कपाळावर बोट टेकवलं आणि समितीकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की अध्यक्षांचं चहात बुडवलेलं बिस्कीट तसंच राहिलं आणि तुटून तळाला गेलं!

विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाला साठ वर्षं पूर्ण होत होती. तेव्हा संघाचा इतिहास पुस्तकरूपात काढायचा असं ठरलं. संघ म्हणाल तर बेताचाच. साठ वर्षांत करंडक एकच, तोही शिस्तीचा! पण हौस दांडगी. आणि इतिहास लिहायला टाइपबाईंखेरीज दुसरं होतं कोण? क्रीडा विभागात छत्तीस वर्षं त्यांनी टाइपरायटर बडवला होता. मैदान त्यांच्या खिडकीखालीच. कोणत्या वर्षी कोणाचा गुडघा गेला, कोणी कोणाचे बूट पळवले, कोणत्या कप्तानानं आपल्याच गोलात चेंडू मारून वर हात उंचावले, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी शेजारणीशी बोलताना त्यांची बोटं मांडीवर टाइप करत असत.

प्रस्तावना त्यांनी एका बैठकीत लिहून काढली. शेवटचं वाक्य असं होतं: ‘या पुस्तकातली एक ओळ जरी खोटी निघाली, तर मी या वयात मैदानाला अकरा चकरा मारीन.’

समितीला ते वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते थेट प्रकाशन समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलं. पाचशे प्रती! जुन्या खेळाडूंना घरपोच!

आणि मग टाइपबाई लिहीत लिहीत पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या हंगामापाशी आल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं असं झालं होतं. विद्यापीठाचा तेव्हा नियम होता, की जो संघ हंगामात सहा सामने खेळणार नाही, त्याचं मैदान काढून तिथे वाहनतळ करायचा. संघाचे पाच सामने झाले होते. सहावा तंत्रशाळेच्या संघाशी ठरला. आपली पोरं बूट बांधून दोन तास उभी राहिली, पण पाहुण्यांचा पत्ता नाही! त्यांची बस वाटेत बंद पडली होती. हंगामाचा तो शेवटचा दिवस.

संध्याकाळी संघाचे प्रशिक्षक कार्यालयात आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “बाई, लिहा. सहावा सामना. एक विरुद्ध दोन. आपण हरलो.”

तेव्हा टाइपबाई तेवीस वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो मास्तर, खोटंच लिहायचं तर जिंकलो म्हणून लिहू ना! हरायचं कशाला?”

“अजून लहान आहात,” मास्तर म्हणाले. “जिंकलो म्हटलं की लोक विचारतात, कसे जिंकलात, कोणी पाहिलं, करंडक कुठे आहे. हरलेल्या सामन्याची चौकशी कोणी करत नाही!”

मग त्यांनी तंत्रशाळेच्या प्रशिक्षकांना फोन लावला आणि तुम्ही जिंकलात म्हणून कळवलं. पलीकडे पेनाचं टोपण उघडलं. मग आवाज आला, “किती गोलांनी?”

“आपला एक गोल कोणाच्या नावावर लिहू?” टाइपबाईंनी विचारलं.

“लिहा कोणाच्याही,” असं म्हणून मास्तर गेले.

आता कोणाच्याही म्हणजे कोणाच्या? संघात एक राखीव खेळाडू होता. तीन वर्षं तो बाकावरच बसून होता, म्हणून पोरं त्याला ‘बाकडा’ म्हणत. मैदानात एकदाही उतरला नव्हता. पण सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, आणि टाचणी हवी, डिंक हवा, पाणी हवं, असं काहीबाही निमित्त काढून रोज टाइपबाईंच्या खिडकीशी उभा राहायचा. एका माणसाला दिवसाला किती डिंक लागतो? टाइपबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि बाकड्याचं नाव टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी निकाल सूचनाफलकावर लागला. बाकडा कान लाल करून खिडकीशी आला. “माझं नाव चुकून पडलंय.”

“मी चुका करत नाही,” टाइपबाई म्हणाल्या.

त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

संसार सुखाचा झाला. पण तो गोल काही स्वस्थ बसेना! पहिल्या वर्षी तो सहा फुटांवरून मारलेला होता. मुलगा झाला तेव्हा वीस फुटांवर गेला. नात झाली तोवर तो मैदानाच्या मध्यरेषेवरून, तीन जणांना चकवून, वाऱ्याच्या विरुद्ध मारलेला होता! नात तो गोल ऐकल्याशिवाय घास घेत नसे. टाइपबाई भाजी वाढत आणि गप्प बसत. लग्नानंतर त्या विषयावर नवराबायकोत एकदाही बोलणं झालं नव्हतं. संसारात असे एक-दोन विषय फळीवर उंच ठेवावे लागतात. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण आता प्रश्न शब्दाचा होता. ओळ खोटी नको म्हणजे नको! टाइपबाईंनी मन घट्ट केलं आणि त्या हंगामाचे पाचच सामने लिहिले.

नवरा रोज विचारत होता, “कुठवर आलीस गं?” त्या दिवशी त्यानं प्रकरण हातात घेतलं. शेवटपर्यंत वाचलं. पान उलटून मागेही पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

“चांगलं लिहिलंयस,” तो म्हणाला.

बस, एवढंच. पण रात्री जेवताना नातीनं “आजोबा, गोल!” म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, “आज नको बाळा, घसा बसलाय.” टाइपबाईंना आपलीच भाजी खारट लागली.

आठवड्यानं समितीच्या सचिवबाई वाऱ्यासारख्या घरात आल्या. बाई उत्साही, तळघरातल्या फायली उपसून नाक काळं झालेलं. “बाई! तुमच्याकडून एक सामना राहिलाय! हा बघा अहवाल. तुम्हीच टाइप केलाय, खाली तुमची आद्याक्षरंसुद्धा आहेत!”

टाइपबाईंनी कागद पाहिला. अक्षर अन् अक्षर ओळखीचं. ‘गोल’मधला ‘ग’ त्यांच्या यंत्रात नेहमी वर उडायचा, तो इथेही उडालेला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

“राहू द्या तो,” त्या म्हणाल्या. “हरलो होतो आपण.”

“अहो, पराभवही इतिहासच असतो! आणि तुमच्या यजमानांचा गोल आहे त्यात! विनय म्हणून गाळलात ना?”

तेवढ्यात नवरा चहाचा ट्रे घेऊन आत आला. “गोल” हा शब्द ऐकून दारातच थांबला. आता टाइपबाईंनी एक वाक्य बोलायचं होतं: तो सामना झालाच नाही. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी त्या ट्रेकडे पाहिलं. एका कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला होता, आणि नवऱ्याचं त्याकडे लक्षही नव्हतं.

“घाला,” त्या म्हणाल्या. “विनयच तो.”

“मी तर तंत्रशाळेच्या संघालाही समारंभाला बोलावलंय!” सचिवबाई म्हणाल्या. टाइपबाईंनी बशीत सांडलेला चहाच पिऊन टाकला!

समारंभाच्या दिवशी तंत्रशाळेची आठ म्हातारी माणसं आली. छातीवर फिती, हातात हार. त्यांचा त्या वेळचा गोलरक्षक भाषणाला उभा राहिला. त्याला तेव्हा ‘भिंत’ म्हणत. आता तो दातांचा डॉक्टर होता आणि रुंदीनं खरोखरच भिंत झाला होता.

“आमच्या शाळेच्या इतिहासातला हा एकमेव विजय!” भिंत गरजली. “अहो, आमची बस बंद पडली होती! दोन तास ढकलली आम्ही ती! पायांत त्राण नव्हतं, आणि तरी जिंकलो!”

टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेत ऐंशी वर्षांचे मास्तर बसले होते. ते छताचा पंखा न्याहाळत होते. पंखा बंद होता.

“एक गोल मात्र माझ्यावर झाला,” भिंत म्हणाली. “डावीकडून आला. मी उडी मारली, पण—”

“उजवीकडून!” नवरा उभा राहिला.

“डावीकडून हो! मी होतो ना तिथे!”

“आणि मी कुठे होतो? मारला कोणी?”

“तीन जणांना चकवून तुम्ही डावीकडे वळलात!”

“दोनच! तिसरा घसरून पडला, म्हणून मी उजवीकडे गेलो!”

सभागृहात दोन तट पडले. जुने खेळाडू उभे राहून हातवारे करू लागले. कोणी म्हणे चिखल होता, कोणी म्हणे कडक ऊन होतं. एकानं तर त्या सामन्यात मोडलेलं करंगळीचं हाडही दाखवलं! शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. “शांत व्हा! इतिहास लिहिणाऱ्या बाई इथे आहेत. खिडकीतून सगळं त्यांनी पाहिलंय. त्याच सांगतील!”

टाइपबाई व्यासपीठावर गेल्या. माइक त्यांच्या हनुवटीशी आला. मागच्या पडद्यावर निमंत्रणपत्रिकेतलं वाक्य हातभर अक्षरांत लिहिलेलं: ‘एक ओळ जरी खोटी निघाली...’ समोर नवरा, एक हात अजून उजवीकडे दाखवत तसाच उभा. त्याच्या बाजूला वादासाठी खाली उतरलेली भिंत, आपला एकुलता एक विजय सांभाळत. टाइपबाईंनी घसा साफ केला. मास्तर पुन्हा बंद पंख्याकडे पाहू लागले.

“मधून,” टाइपबाई म्हणाल्या.

“काय?”

“गोल बरोबर मधून आला. चेंडू जोरात होता, म्हणून दोघांनाही नीट दिसला नाही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भिंत म्हणाली, “शक्य आहे!” नवरा म्हणाला, “आता आठवतंय!” आणि दोघांनी व्यासपीठासमोर अशी मिठी मारली, की फिती एकमेकींत अडकल्या आणि सोडवायला सचिवबाईंना कात्री आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइपबाई हळूच घराबाहेर पडल्या. मैदानात कोणी नव्हतं; कडेला कालचे कागदी पेले तेवढे लोळत होते. त्यांनी पदर खोचला आणि चालायला सुरुवात केली. शब्द म्हणजे शब्द! पहिली चक्कर संपते न संपते तोच मागून पावलं वाजली.

“अहो, तुम्ही इकडे कुठे?”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,” नवरा म्हणाला.

“कधी?”

“आत्ताच.”

दुसऱ्या चकरेला फाटकातून काठी टेकत मास्तर आत आले. त्यांनाही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिसऱ्या चकरेला पाहुण्यांच्या खोल्यांकडून भिंत धापा टाकत आली. “डॉक्टरांनी चालायला सांगितलंय मला!”

“पण डॉक्टर तर तुम्हीच!” टाइपबाई म्हणाल्या.

“म्हणून तर ऐकावं लागतं!”

चौघंही पुढे पाहत चालत राहिले. का चालतोय, हे कोणी कोणाला विचारलं नाही. चौथ्या चकरेला नवरा हळूच म्हणाला, “मधून हे बरं सुचलं तुला.”

“तुम्हाला तो गोल इतका हवा होता?”

“हवा होता म्हणजे? झालाच होता की तो! मैदानात नव्हता, एवढंच.”

टाइपबाईंचे कान लाल झाले. पंचेचाळीस वर्षांनी!

चौथी चक्कर संपली आणि गुडघ्यांनी संप पुकारला. चौघंही मैदानाकडेच्या बाकावर बसले. बाक तोच जुना होता. नवऱ्यानं सवयीनं डावं टोक धरलं. इतक्यात सचिवबाई वही-पेन घेऊन धावत आल्या.

“हे काय! चकरा? बाई, पुस्तकात एखादी ओळ चुकली की काय?”

मास्तरांनी काठी आपटली. “छे! संघाला मानवंदना! संघात खेळाडू अकरा, म्हणून चकरा अकरा!”

“अगबाई, या वयात! दुसऱ्या आवृत्तीत घालतेच मी हे!” सचिवबाईंनी पेन उघडलं. “किती झाल्या? पुऱ्या अकरा?”

टाइपबाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. मांडीवर त्यांची बोटं टाइप करायला लागली होती.

“नाही हो,” त्यांनी सुस्कारा सोडला. “दहाच. शेवटची राहिली. हरलो!”

“अरेरे! थोडक्यात हुकलं हो!” सचिवबाई हळहळल्या, दहाचा आकडा नीट लिहून घेतला, आणि पुढे एक प्रश्न विचारला नाही.