गवतातले यादवराव

"बुद्ध मी करणार नाही," असं यशपाल रामटेकेनं भर बैठकीत सांगितलं, तेव्हा स्वतःच्या शौर्यानं त्याच्याच अंगावर शहारे आले.

जर्मनीत कार्ल्सरूहेजवळच्या एका लहान कारखान्यात तो बागेत मांडायच्या प्लास्टिकच्या मूर्तींचे नमुने करायचा. बुटके, बदकं आणि मुख्यतः बेडूक. त्या वर्षी, म्हणजे २०१४च्या सुमारास, गिऱ्हाइकांना बागेत बुद्ध हवेसे वाटू लागले आणि मालकीणबाई फ्राऊ ब्रेंडल यांनी साहजिकच यशपालकडे पाहिलं.

"आमच्या घरी बुद्धमूर्ती उंचावर असते," तो म्हणाला. "तुम्ही गवतात ठेवणार आणि कुत्रं येऊन पाय वर करणार. माझ्या हातून नाही व्हायचं ते."

फ्राऊ ब्रेंडल यांनी क्षणभर विचार केला. आल्झो, म्हणजे बरं तर, मग तितकाच शांत दिसणारा दुसरा कोणी म्हातारा द्या, म्हणाल्या.

शांत म्हातारा यशपालच्या हातांना एकच माहीत होता. हात चालत गेले. खुर्ची झाली, वर्तमानपत्र झालं, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा झाला, आणि स्वेटरचं बटण एक काज चुकून खाली लागलं. साचा तयार झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण आपल्या वडिलांना, वर्ध्याच्या निवृत्त मुख्याध्यापक यादवरावांना, गुडघ्याएवढं करून ठेवलंय. तोवर माल ट्रकमध्ये चढला होता.

म्हातारा तुफान खपला. आणि पुढच्या उन्हाळ्यात खरे यादवराव मुलाकडे राहायला आले.

त्यांनी वर्धाभर सांगितलं होतं की आमचा यशपाल जर्मनीत शिल्पकार आहे, आणि यशपालनं ते कधी खोडून काढलं नव्हतं. आता गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक बागेत यादवराव पेपर वाचत बसले होते. "अहो, सांगून टाका एकदाचं," असं बायको उत्कर्षा रोज म्हणायची. पण ज्या माणसानं जन्मभर कुणापुढे मान तुकवली नाही, त्याला आपण लोकांच्या कोबीत बसवलंय, हे कोणत्या तोंडानं सांगणार? बापाच्या नजरेतून उतरायची त्याला खरोखर भीती वाटत होती.

म्हणून त्यानं थाप मारली. इथं दुसऱ्याच्या बागेत डोकावणं फार असभ्य समजतात, बाबा.

यादवराव शिस्तीचे. ते आकाशाकडे बघत फिरू लागले. घरी येऊन जर्मन ढगांचं कौतुक करायचे आणि यशपाल मान डोलवायचा. शेवटी एका सकाळी, ढग बघता बघता, ते शेजारच्या हेर लुट्स, म्हणजे लुट्ससाहेब, यांच्या बुटक्या कुंपणावरून थेट त्यांच्या हिरवळीवर पडले.

हेर लुट्स धावत आले. त्यांनी पडलेल्या गृहस्थांकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या गृहस्थांकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

यशपाल पोचला तेव्हा यादवराव गवतातच बसले होते, प्लास्टिकच्या यादवरावांसमोर. दोघांच्याही स्वेटरचं बटण चुकलेलं होतं.

"हा मी आहे?"

"हो, बाबा. बुद्ध करायला नकार दिला, तर त्याऐवजी हे झालं. चुकलं माझं."

यादवरावांनी ते प्लास्टिकचं बटण बोटानं चाचपलं. "तुझी आई गेल्यापासून याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, असं वाटायचं मला."

यशपालला रडूच आलं. इतके दिवस तो उगाचच घाबरला होता.

"तथागतांना गवतात बसवलं नाहीस, बरं केलंस," यादवराव म्हणाले. "मला चालेल."

एवढ्यात हेर लुट्स यांचा कुत्रा आला. पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याकडे जायचा त्याचा रोजचा नेम होता. आज दोन म्हातारे पाहून तो जरा घुटमळला. दोघांना नीट हुंगलं, आणि मग सावकाश, खऱ्या यादवरावांच्या पाठीशी जाऊन, पाय वर केला.

यादवराव उठले. ओला स्वेटर काढून त्यांनी यशपालच्या हातात दिला आणि वर्गात पहिला आलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शिल्पकारच आहेस तू. त्याला फरक कळला नाही."