फणसाखालील मोहिमेची हकीकत

गणराय आणि कुलस्वामिनी या लेखणीस आवर घालोत. शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मतिनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी आमचे राज्यावर मोठा प्रसंग गुदरला. राज्य केवढे म्हणाल, तर घोडा उधळला म्हणजे परमुलखात जाऊन थांबे; परंतु दरबार पुरता होता, आणि दरबारात गोमाजीराव बागदरोगा होते. राजवाड्यापुढील चौकात त्यांच्या तीर्थरूपांनी लाविलेला फणस होता, बापाच्या हातचे तेवढेच उरले होते. त्याखाली गवताची काडी उगवेना, नुसता फुफाटा, आणि दसऱ्यास व्याही राजे येणार, सबब महाराज बोलले, "गोमाजीराव, पाहुण्यांस धूळ चारणार काय? दसऱ्याच्या आत खाली हिरवे करा, नाहीतर फणस तोडून फरशी घाला." रावांनी छाती काढून मुजरा केला.

मग मोहीम मांडिली आणि हरळी लाविली, ती आठां दिवसांत कामी आली, मग दुसरी लाविली आणि पखालींनी पाणी घातले, ते पाणी फणस पिऊन बसला आणि हरळी पिवळी पडली. राव माळ्यांवर गरजले, मग फणसावर गरजले, आणि घसा बसला. तो ठकूबाई गवताचा भारा घेऊन चालली होती, डोंगरात गवत कापून पोट भरणारी, तोंडाची फटकळ. ती बोलली, "सरकार, सावलीत हरळी कुठं जगती व्हय? आमच्या डोंगरात झाडाखाली रानलव्हाळा हाय. त्याला ना ऊन लागतं, ना लई पाणी." दरबारी हसले की रानचा लव्हाळा चौकात म्हणजे नाक कापिले, परंतु रावांस नाकापेक्षा फणस प्यारा, त्यांनी पाच गाड्या लव्हाळा आणून लाविला. तोही सुकू लागला. मग ठकूबाईस बोलावून जाब पुसला, तो तिने भुई पाहून उलट विचारिले, "पाला कुठं हाय?" राव अभिमाने बोलले, "दिवसातून दोन वेळ झाडितो. या झाडलोटीबद्दलच महाराजांनी सोन्याचे कडे बहाल केले!" ठकूबाईने कपाळावर हात मारिला. "अवो, त्योच पाला मुळाला ओल धरतो! निजलेल्या लेकराचं पांघरूण दिसातनं दोनदा ओढताय की!"

राव पेचात पडले. सांगावे तर बारा वर्षांची कीर्ती जाते, न सांगावे तर बापाचे झाड जाते. दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसरे दिवशी भर दरबारी उभे राहून बोलले, "महाराज, फणसाचा अपराध नाही. ती भुई मीच झाडून झाडून मारिली. कडे घ्यावे, झाड ठेवावे." आणि कडे काढू लागले, तो मनगट सरकारी अन्नाने पुष्ट जाहलेले, कडे निघेना; मग तेल आणविले आणि दोन हुजरे ओढू लागले, आणि महाराज हसता हसता गादीवरून कलंडले. म्हणाले, "असू द्या, हात उपटून येईल! झाडणे बंद करा." राव फणसाशी जाऊन लहान मुलासारखे रडले.

मग पाला साचला आणि लव्हाळ्याने मूळ धरिले, आणि दसऱ्यास चौक वीतभर हिरवा जाहला. रावांचे हात खराट्यासाठी शिवशिवत, ते पाठीशी बांधून उभे राहात. व्याही राजे थक्क होऊन पुसते जाहले, "यास रोज काय करिता?" राव बोलले, "काही नाही, महाराज." त्यांनी संतोषून शेला दिला.

सारांश, फणस उभा राहिला, लव्हाळा पसरला, आणि काही न केल्याबद्दल शेला मिळविणारा पहिला पुरुष आमचे घराण्यात निपजला. पुढील पिढ्यांनी तो लौकिक आजवर राखिला आहे. हे लिहिणारा त्यांतलाच.