एकाच विहिरीतल्या तीन आजोबांची हकीकत

थोरांच्या लढाया थोरांनी लिहून ठेविल्या. ही पडली लहानांची, म्हणोन येथे लिहिणे प्राप्त जाहले. हकीकत ऐसीजे. नववीच्या तुकडीवर भाषेच्या बाईसाहेबांचा अंमल. त्यांनी फर्मान काढिले की, 'माझे आजोबा' या विषयी निबंध दाखल करावा. मग तिसऱ्या बाकावरील चिमणी नामे मुलगी, बोलण्यास पटाईत, लिहिण्यास महाआळशी, मोबाईलच्या मुलुखावर चालून गेली, आणि आयता निबंध लुटून, खाली आपले नाव ठोकून, घटकेत माघारी आली. त्यात आजोबा फौजेतले, दाढी पांढरी, विहिरीत उडी घालून वासरू वाचविले ऐसा मजकूर. चिमणीचे खासे आजोबा शिंपी. दाढी नाही, आणि विहिरीत डोकावले तरी घेरी येई.

दुसरे दिवशी दरबार भरला. तीन वह्या टेबलावर पडल्या आणि सवाल जाहला, "काय गं, तुम्हां तिघींचे आजोबा एकाच विहिरीत उडी मारत होते? वासरू तरी वेगवेगळं होतं का?" वर्गात हशा उसळला. चिमणीस खरोखर लाज वाटली. हुकूम सुटला की, उद्या स्वतःचा निबंध आणावा, नपेक्षा शून्य, आणि चोरीची वही पालकांच्या हुजुरात रवाना.

मग सायंकाळी चिमणी आजोबांस शरण गेली. ते काजे करीत बसले होते. म्हणाले, "अगं, दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातलास, बाह्या लोंबणारच. आधी माप घे, मग काप, मग शीव." मग चिमणीने आरंभ, मध्य, शेवट ऐसा आराखडा आखिला, आणि आजोबा पाहुण्याचे तोंड सोडून आधी खांदे पाहतात, हे टिपिले. मागल्या पालकसभेत बाईसाहेबांस पाहून ते जे बोलले होते, तेही घातले. परंतु वाक्य परके, म्हणोन दोहों बाजूंस अवतरणचिन्हांचे पहारे बसवून धन्याचे नाव लिहिले: "तुमच्या बाईंचा डावा खांदा उतरलाय, पिशवी कायम तिकडेच," असे माझे आजोबा म्हणतात.

तिसरे दिवशी बाईसाहेब त्या ओळीवर येऊन थबकल्या. मग दहांपैकी साडेसहा गुण पडले, समासात 'हे आजोबा खरे' ऐसा शेरा पडला, आणि घंटा होताच बाईसाहेबांनी पिशवी उचलिली, क्षणभर विचार केला, आणि उजव्या खांद्यास लाविली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. साडेसहा गुण चिमणीचे, खांद्याचा शोध आजोबांचा, तैसेच वहीत नमूद असे.